बिअर्डेड ड्रॅगनची आंघोळ आणि दिवे: आधी बल्ब बदला, मग टबाकडे वळू

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागेतून आलाय. पाच-सहा महिन्यांचा बिअर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियातला, घरी पाळला जाणारा सरडा), तीन फुटी काचेची टाकी, टाकी खिडकीपाशी. वर ‘यूव्हीए + यूव्हीबी’ (उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांचे दोन प्रकार) असं छापलेला ५० वॅटचा क्लिपवाला बल्ब. पिल्लू पाणी पीत नाही, कात बोटांना अडकून राहते, म्हणून रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर वीस मिनिटं कोमट पाण्यात ठेवतात. आता खाणं निम्म्यावर आलंय, बसल्या जागी पुढच्या पायांची बोटं थरथरतात, दिवसाही डोळे मिटलेले असतात. आंघोळ कमी पडते का, पाण्यात काही घालावं का, असं विचारलंय.

आंघोळ कमी पडत नाही, यूव्हीबी कमी पडतंय. खरं म्हणजे ते मिळतच नाहीये. आणि रोजची संध्याकाळची आंघोळ त्या दुखण्यात भर घालतेय. पाण्यात काहीही घालू नका. उलट डॉक्टरांना दाखवेपर्यंत आंघोळ पूर्ण बंद ठेवा. बोटं थरथरणं हे रक्तातलं कॅल्शियम घसरल्याचं लक्षण असतं. अशा अशक्त पिल्लाचं डोकं पाण्यात कलंडलं तर त्याला ते वर उचलता येत नाही.

आधी बल्बाचं सांगतो. तुमच्याकडचा बल्ब तारेचा आहे. तापलेली तार उजेड देते, उष्णता देते, थोडं यूव्हीएही देते, पण यूव्हीबी देत नाही. खोक्यावर काहीही छापलेलं असो, २५, ५० किंवा ७५ वॅटच्या साध्या तारेच्या बल्बातून उपयोगाचं यूव्हीबी निघत नाही. जांभळट उजेडाचे स्वस्त एलईडी ‘यूव्ही’ दिवेही कामाचे नाहीत. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातला किंवा जंतू मारायचा यूव्ही दिवा तर चुकूनही लावू नका. तो यूव्हीसीचा असतो, डोळे आणि कातडी भाजून काढतो, जनावराची आणि तुमचीही.

यूव्हीबी म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण. ते कातडीवर पडले की कातडीतल्या एका घटकापासून डी३ जीवनसत्त्वाचं आधीचं रूप तयार होतं. अंगाच्या उष्णतेने त्याचं डी३ होतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड ते वापरण्याजोगं करतात, आणि मगच आतडं खाल्लेलं कॅल्शियम शोषून घेतं. ही साखळी पहिल्याच कडीला तुटली तर चारलेली कॅल्शियमची पावडर शीमधून बाहेर पडते आणि शरीर गरज भागवायला हाडं पोखरायला लागतं. बोटांची थरथर, रबरासारखा मऊ पडलेला जबडा, सुजल्यासारखे जाड दिसणारे पाय, पोट जमिनीवर घासत चालणं, मागचे पाय ओढणं हा सगळा हाडांच्या त्या आजाराचा क्रम. थरथर असतानाच हात घातला तर पिल्लू बहुतेक वेळा सावरतं. हाड एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं.

खिडकीतून ऊन येतं, ते पुरत नाही का? नाही. खिडकीची काच यूव्हीबी जवळपास सगळं अडवते, टाकीची काचही अडवते. आत येते ती नुसती उष्णता. म्हणजे फायदा शून्य, आणि एप्रिलमध्ये टाकीची भट्टी होते. टाकी आजच खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला घ्या.

लावायची ती टी५ (बारीक जाडीची) हाय आउटपुट जातीची सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब, १० ते १२ टक्के यूव्हीबीवाली. पिळाच्या आकाराचे छोटे यूव्हीबी सीएफएल घेऊ नका. त्यांचा झोत एका लहानशा गोलात पडतो आणि बाजूने लावले की थेट डोळ्यांत जातो. ट्यूबची लांबी टाकीच्या निम्मी ते दोन तृतीयांश असावी. तुमच्या तीन फुटी टाकीला २२ इंची, २४ वॅटची बसेल. जनावर दीड-दोन फुटी होतं, त्याला पुढे चार फूट बाय दोन फूट जागा लागणारच, तेव्हा ३४ इंची, ३९ वॅटची घ्या. मागे चकचकीत रिफ्लेक्टर हवाच, नाहीतर निम्मा उजेड छताला जातो.

अंतर ट्यूबपासून जनावराच्या पाठीपर्यंत मोजायचं, टाकीच्या तळापर्यंत नाही. १२ टक्क्यांची ट्यूब जाळीवर ठेवली तर पाठ १० ते १२ इंचांवर यावी. जाळीच्या आत, मध्ये काही न येता लावली तर १५ ते १८ इंच. झाकणाची बारीक जाळी ३० ते ४० टक्के किरण खाते, डासांची जाळी त्याहून जास्त. ट्यूबखाली संरक्षण म्हणून काच किंवा अॅक्रिलिक लावलं की सगळंच संपलं. यूव्ही इंडेक्स मोजायचा मीटर मिळाला तर शेकायच्या जागी ३ ते ५ आकडा दिसावा आणि दुसऱ्या टोकाला शून्याच्या आसपास, म्हणजे जनावराला किती घ्यायचं ते स्वतः ठरवता येतं. मीटर महाग आहे. दोघा-तिघांत मिळून घेतला तरी चालतो, रोज लागत नाही.

इथे एक फसगत नेहमी होते, म्हणून जरा थांबतो. ट्यूब ऑनलाइन मागवतात आणि ती बसवायची पट्टी गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेतात. दुकानात आता मिळते ती बहुतेक एलईडीची टी५ पट्टी. तिच्यात चोक नसतोच, ही ट्यूब तिच्यावर लागत नाही, जबरदस्ती केली तर जळते. कुणाकडे जुनी फ्लोरोसंट टी५ पट्टी सापडली तर तिथे वेगळा घोळ. २२ इंची साधी टी५ १४ वॅटची असते, हाय आउटपुट २४ वॅटची. लांबी तीच, पिनाही त्याच, त्यामुळे ट्यूब बसते आणि पेटतेही. पण १४ वॅटचा चोक तिला पुरेसा करंट देत नाही. डोळ्याला उजेड ठीक दिसतो, यूव्हीबी मात्र खूप कमी पडतं, आणि हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. चोकवर ‘२४ वॅट एचओ’ (एचओ म्हणजे हाय आउटपुट) आणि ‘२२०–२४० व्होल्ट’ हे दोन्ही वाचूनच घ्या. अमेरिकेतून मागवलेली पट्टी ११० व्होल्टची असू शकते, ती इथे लावली की पहिल्याच मिनिटाला जाते.

ट्यूब चांगली पेटत असली तरी टी५ वर्षाने बदलायची. उजेड टिकतो, यूव्हीबी आधी उतरतं. पट्टीच्या टोकाला पेनाने लावल्याची तारीख लिहून ठेवा.

उष्णतेसाठी वेगळा दिवा. ५० ते ७५ वॅटचा रुंद झोताचा हॅलोजन फ्लड बल्ब घ्या. तो पेचाचा, ई२७ असतो आणि आपल्या घरचे होल्डर बहुतेक पिनेचे. मग लोक प्लॅस्टिकचा अॅडॅप्टर मध्ये घालतात आणि तो वितळतो. चिनी मातीचा ई२७ होल्डर आणि उष्णता सोसणारी वायर घ्या, वायरमनकडून पक्कं बसवून घ्या. हा बल्ब ट्यूबच्या शेजारी, एकाच टोकाला. जनावर ऊब घ्यायला येतं आणि ओघात यूव्हीबी घेऊन जातं. दोन दिवे दोन टोकांना ठेवले की ते उबेपाशी बसतं आणि ट्यूब रिकाम्या जागेवर उजेड पाडत राहते. दोन्ही दिवे वरूनच हवेत. त्याच्या भुवईचा कंगोरा वरच्या उन्हापासून डोळ्याला सावली देतो, बाजूच्या दिव्यापासून नाही.

शेकायला बल्बाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. फरशीवाल्याकडे तोडून उरलेले तुकडे पडलेलेच असतात. ती ऊब धरून ठेवते, नखं घासली जातात, धुवायला सोपी. कडाप्पाही चालतो, पण काळा असल्याने जास्त तापतो, बल्ब थोडा वर घ्यावा लागतो. नदीची वाळू मात्र घालू नका, कितीही स्वच्छ चाळलेली असो. पिल्लू भक्ष्यासोबत ती गिळतं आणि आतड्यात गोळा होतो. फरशीचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, दुसरं टोक २५ ते २९. मोजायला इन्फ्रारेड तापमापक गन घ्या. कोविडच्या काळातली कपाळावर धरायची गन चालत नाही, ती माणसाच्या अंगाच्या तापमानापुरतीच बनवलेली असते. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा मापक काचेचं तापमान सांगतो, फरशीचं नाही. तापणारे कृत्रिम दगड विकायला येतात, तेही नकोत. ऊब वरून येते अशीच त्याची शरीररचना आहे, पोटाखालचा चटका त्याला वेळेवर कळत नाही आणि पोट भाजतं.

बरोबर तापलेलं पिल्लू कसं दिसतं ते एकदा नीट बघून ठेवा. सकाळी दिवा लागतो तेव्हा अंग गडद, जवळजवळ मातकट काळं असतं. ते फरशीवर अंग पसरून चपटं होतं, फासळ्या बाहेरच्या बाजूला उघडतात. अर्ध्या तासात रंग उजळत जातो. मग तोंड थोडं उघडून बसतं. ती धाप नाही, जास्तीची उष्णता सोडण्याची रीत आहे. काही मिनिटांत ते उठून गार टोकाला गेलं तर तुमची मांडणी जमली. तोंड उघडून दिवसभर तिथेच असेल, किंवा उलट दिवसभर काळंच राहत असेल, तर गन हातात घ्या.

दिवे बारा तास चालू ठेवा, उन्हाळ्यात तेरा-चौदा, आणि रात्री पूर्ण अंधार. लाल किंवा निळा ‘नाइट बल्ब’ लावू नका. डोक्याच्या मधोमध त्याला उजेड ओळखणारा एक बारीक ठिपका असतो, तिसरा डोळाच म्हणा, आणि रंगीत उजेडही त्याला उजेडच. टायमर लावा, पण दाते फिरवायचा साधा टायमर वीज गेली की तिथेच थांबतो. दोनदा दोन-दोन तास वीज गेली की चार तास मागे पडतो आणि दिवा मध्यरात्रीपर्यंत जळतो. आपल्याकडची वीज बघता आत बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्या. २४ वॅटची ट्यूब घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालते. हॅलोजन इन्व्हर्टरवर टाकायची गरज नाही. वीज जाऊन तीन-चार तास झाले तर त्या दिवशी जड किडे खायला देऊ नका, ऊब नसली की पचन थांबतं.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी होते. खोलीच ३७-३८ अंशांवर गेली की गार टोक उरतच नाही. तेव्हा दुपारी ११ ते ४ हॅलोजन बंद, ट्यूब चालू. ट्यूब उष्णतेसाठी नाहीच, ती बंद करायचं कारण नाही. गार टोकावर ओलं कापड बाहेरच्या बाजूने टाका. कूलरचा झोत टाकीवर सोडू नका. साताऱ्याकडे, विशेषतः वाई-मेढ्याच्या बाजूला, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खोली १८ अंशांच्या खाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवरच. बाकी रात्री थोडी गार असलेलीच बरी.

खरं ऊन मिळालं तर ट्यूबपेक्षा चांगलं. पण आपल्याकडे ‘कोवळं ऊन’ म्हणून सहा-साडेसहाचं ऊन दाखवतात, त्यात यूव्हीबी नगण्य असतं. सूर्य खाली असतो, किरण हवेच्या जाड थरातून येतात, यूव्हीबी वाटेतच गळतं. खूण सोपी आहे: तुमची सावली तुमच्या उंचीइतकी किंवा त्याहून आखूड झाली की ऊन कामाचं झालं. उन्हाळ्यात ती वेळ नऊच्या सुमारास येते, थंडीत अकराच्या सुमारास. जाळीच्या पिंजऱ्यात, निम्म्या भागावर पोतं टाकून सावली केलेली, १५ ते २० मिनिटं, तुम्ही शेजारी बसलेले. काचेच्या टाकीत कधीच नाही, त्यात ते काही मिनिटांत मरतं. गच्चीवर मोकळं सोडू नका. घारी आणि कावळे आहेत. बागेतले किडे वेचून घालण्याचा मोहही टाळा. काजव्यातल्या विषाने बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, आणि सह्याद्रीच्या कुशीत मे-जूनमध्ये काजवे घरात येतात.

आता आंघोळ. हा प्राणी कातडीतून पाणी पीत नाही, शेपटीखालच्या छिद्रातूनही नाही. ऑस्ट्रेलियात थॉर्नी डेव्हिल नावाचा दुसरा सरडा आहे, त्याच्या खवल्यांमधल्या बारीक पन्हळींतून पाणी सरकत तोंडापर्यंत येतं. पण तोही शेवटी तोंडानेच पितो. बिअर्डेड ड्रॅगन पावसात मागचा भाग उचलून डोकं खाली करतो आणि ओघळणारं पाणी चाटतो. म्हणून टबात वीस मिनिटं भिजवलं म्हणजे पाणी आत गेलं, असं होत नाही. टबात तोंड खाली करून प्यायलं तरच गेलं.

पाणी पाजायची खरी रीत सोपी आहे. सकाळी ते तापून उजळलं की ड्रॉपरने नाकाच्या शेंड्यावर एक थेंब ठेवा. थेंब घरंगळत ओठाच्या फटीवर येतो, जीभ बाहेर येते. दुसरा थेंब, तिसरा. चार-पाच थेंबांनंतर ते डोकं थोडं खाली धरतं आणि गळ्याची कातडी हलताना दिसते. मग थांबेपर्यंत द्या. तोंड जबरीने उघडून सोडलं तर पाणी फुप्फुसात जातं. पालाही धुऊन ओलाच घाला. पाणी पुरतंय का, ते शी सांगते. पांढरा भाग मऊ असेल तर ठीक. पिवळा, खडूसारखा कडक असेल तर पाणी कमी आहे.

मग आंघोळ कशाला? अंगाला शी माखली तर, कात टाकताना बोटं आणि शेपटीचं टोक मऊ करायला, आणि पोट साफ होत नसेल तेव्हा. निरोगी जनावराला आठवड्यातून एकदा, कात टाकताना फार तर दोनदा. वेळ सकाळची, दिवे लागून तासभर झाल्यावर. संध्याकाळी नाही. ओलं अंग वाळताना गार होतं, तेवढ्यात दिवे बंद होतात, आणि ते रात्रभर गार, ओलसर राहतं. याला स्वतःची ऊब नसते. फुप्फुसाचं दुखणं इथूनच सुरू होतं, आणि पोटातलं खाणं न पचता राहतं.

टब वेगळा ठेवा, त्याच कामाचा. स्वयंपाकघरातलं घमेलं, परात, बेसिन काही नको. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या शीतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाणी संडासात ओतायचं, हात साबणाने धुवायचे, पाच वर्षांखालच्या मुलांनी हात लावायचा नाही. तळाला रुमाल घाला, पाय घसरत नाहीत. आधी गार पाणी, मग त्यात गरम. बंबातल्या किंवा सोलरच्या कढत पाण्यात विसण घालत बसलं की अंदाज चुकतो. तापमान ३२ ते ३६ अंश, मापकाने बघून. आपल्या हाताला ‘छान कोमट’ वाटणारं पाणी बरेचदा ४० च्या वर असतं. पाण्याची खोली तुमच्या पिल्लाच्या आकाराला बोटाच्या एका पेराइतकी, मोठ्या जनावराला पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत. दहा मिनिटं बस. थोडंसं पाणीच असल्याने थंडीत ते सहा-सात मिनिटांत गार पडतं, तेव्हा बाजूने, अंगावर नाही, थोडं गरम ओता. फोन आला तर आधी त्याला बाहेर काढा, मग फोन घ्या. दाढी (गळ्याखालची कातडी) काळी पडली, अंग फुगवून तरंगायला लागलं किंवा भिंतीवर चढत राहिलं तर तिथेच थांबवा.

साबण, शाम्पू, डेटॉल, हळद, मीठ, खोबरेल तेल, यातलं काहीही नको. अडकलेली कात ओढायची नाही. मऊ टूथब्रश ओल्या बोटांवरून नखाच्या दिशेने फिरवा, सुटेल तेवढी सुटेल. पण बोटाच्या मुळाशी कातीचं कडं राहिलं तर ते दोऱ्यासारखं आवळतं आणि पुढचं बोट काळं पडून गळतं, म्हणून प्रत्येक बोट उजेडात बघा. बाहेर काढल्यावर जुन्या धोतराच्या मऊ कापडाने टिपा. काख, जांघ आणि दाढीखालच्या घड्या विसरू नका. मग तडक शेकायच्या जागी, किमान तासभर.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, आंघोळ जवळजवळ नकोच. हवाच ओली असते, अंग वाळत नाही, आणि कातडीवर पिवळट, कडक खपल्या धरणारी बुरशी होऊ शकते. ती बरी करणं फार अवघड आहे आणि दुसऱ्या जनावराला लागते. टाकीत फवारणीही थांबवा. या चार महिन्यांत ऊनही नसतं, म्हणजे सगळा भार ट्यूबवर.

तुमच्या पिल्लासाठी आता क्रम असा. याच आठवड्यात डॉक्टर. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून सरपटणारे प्राणी तपासतात का आणि एक्स-रे होईल का ते विचारा, नाहीतर कोल्हापूर-पुण्याकडे चौकशी करा. नेताना कापडाची पिशवी आणि खोक्यात कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा, उचलताना पोटाखाली पूर्ण हात द्या, शेपटी किंवा पाय धरू नका, हाडं आता ठिसूळ असू शकतात. माणसांच्या कॅल्शियम-डी३ च्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. डी३ जास्त झालं तर तेही घातक. ट्यूब आजच मागवा. ती येईपर्यंत सावलीच्या खुणेने रोज १५ मिनिटं खरं ऊन. पहिले काही दिवस फांद्या खाली ठेवा, पडून हाड मोडू नये. खाण्यात शेवग्याचा पाला, कोथिंबीर, दुधी. पालक नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. किड्यांवर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर भुरभुरून.

आणि स्वयंपाकघरातला असतो तसा एकेक ग्रॅम दाखवणारा काटा वेगळा आणा. दर रविवारी सकाळी, खायच्या आधी वजन करून कालनिर्णयच्या चौकोनात लिहा. या वयात आकडा आठवड्याला वाढायला हवा. दोन रविवार तो तिथेच राहिला किंवा उतरला, तर तिसऱ्याची वाट न बघता पुन्हा डॉक्टरांकडे.